लंगड्या तट्टाचा सौदा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या ठरावाआधी मी एका तट्टाबद्दल बोलणार आहे. काही जण हसतील. कापूस पडून आहे आणि यांना तट्टू सुचते! पण दहा मिनिटे ऐका. हा प्रश्नही बाजाराचाच आहे.

आपल्या एका कार्यकर्त्याने पोरासाठी तट्टू घेतले होते. पोरगा सात-आठ वर्षे त्याच्यावर बसला. आता त्याचे पाय जमिनीला टेकतात. तट्टूही पुढच्या पायांनी लंगडते आहे. डॉक्टरांनी खुरांचा दाह सांगितला. घरात तीन मते झाली. आजी म्हणते, राहू दे. बाप म्हणतो, माळेगावच्या जत्रेत विकून टाकू. शेजारी म्हणतो, सकाळी दुखण्याचे इंजेक्शन द्या, दुपारपर्यंत सौदा होतो.

आधी दुखणे समजून घेऊ. आपल्या बोटाला नख जसे आतून चिकटलेले असते, तसे घोड्याच्या खुराचे कवच आतल्या हाडाला नाजूक पडद्यांनी चिकटलेले असते. त्या पडद्यांना सूज आली की ती पकड सुटू लागते. हाड फिरते, खाली सरकते. वरून जखम नाही, रक्त नाही. जनावर मात्र निखाऱ्यावर उभे राहिल्यासारखे उभे असते. पुढचे पाय पुढे टाकते, अंगाचा भार मागच्या पायांवर घेते, वळायला नको म्हणते. खुराला हात लावा, गरम लागते. खुराच्या वर मागच्या बाजूला बोट ठेवा, नाडी ठणकते.

हे येते कशाने? बहुतेक वेळा लाडाने. बैल रवंथ करतो, त्याच्या पोटाचे चार कप्पे. घोड्याचे जठर एकच, आणि वैरण आंबते ती मागच्या मोठ्या आतड्यात. ज्वारी, मका प्रमाणाबाहेर घातला की न पचलेले पीठ तिथे जाते, आतड्यातले जंतू बिघडतात, विष रक्तात भिनते आणि त्याचा परिणाम खुरांवर होतो. दुसरे कारण अंगावरची चरबी. पोरगा मोठा झाला, बसायचे थांबले, पण पायलीतली ज्वारी आणि हातावरचा गुळाचा खडा थांबला नाही. काम बंद आणि खुराक चालू, त्यावर पावसाळ्यातले कोवळे गवत. तट्टांना हा रोग मोठ्या घोड्यांपेक्षा लवकर धरतो. म्हणून पोराच्या वयातून गेलेल्या तट्टालाच तो जास्त दिसतो.

उपाय काय? धान्य आणि गूळ त्याच दिवशी बंद. पहिले दोन दिवस खूर थंड पाण्यात. खाली भुसा किंवा भुशासारखे मऊ, जाड अंथरूण. चालवायचे नाही. डॉक्टर त्याच दिवशी बोलवायचा, दुसऱ्या आठवड्यात नाही. औषध त्याच्याच हाताने. डायक्लोफेनॅक तर जनावरांना द्यायचेच नाही. ते खाल्लेले जनावर मेले की त्याच्यावर बसलेली गिधाडे मरतात, म्हणून २००६ सालीच त्यावर बंदी आली. जमले तर खुराचा एक्स-रे काढायचा. हाड किती सरकले ते कळले की पुढचा अंदाज येतो. पुष्कळ तट्टे सावरतात. पण एकदा झालेले पुन्हा होऊ शकते. हे जनावर ओझ्याच्या आणि पळण्याच्या कामाचे राहिले नाही, असेच धरून चालावे.

आता हिशेब. आपली चळवळ उत्पादनखर्चाचा हिशेब मांडायला शिकली, तर तो घरातही मांडू. तट्टू २०० किलोचे धरा. या रोगात त्याला वजनाच्या दीड टक्का, म्हणजे रोज ३ किलो वाळलेले गवत पुरते. वर्षाचे झाले जवळपास ११ क्विंटल. दर सहा आठवड्यांनी खूर कातायला नालबंद, म्हणजे वर्षात आठ-नऊ वेळा. डॉक्टर आणि औषध वेगळे. दर आपापल्या गावचे लावा. आणि बांधावरचे गवत फुकट धरू नका. घरच्या माणसाची मजुरी आणि घरची वैरण फुकट धरायची सवय लागली, म्हणून तर आपल्या पिकाचा तोटा आपल्याला दिसत नव्हता. तट्टू आज बारा वर्षांचे असेल, तर नीट सांभाळल्यास आणखी बारा-पंधरा वर्षे जगेल. आजीने ‘राहू दे’ म्हणताना हा आकडा ऐकावा. आकडा ऐकूनही ती राहू दे म्हणाली, तर मग बापाने वाद घालू नये.

आता शेजाऱ्याची युक्ती. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. भाव रुमालाखाली राहिला तर राहू द्या. दुखणे रुमालाखाली जाता कामा नये. इंजेक्शनचा अंमल उतरला की चौथ्या दिवशी तट्टू पुन्हा लंगडणार. घेणाऱ्याचे पैसे अडकलेले. तो ते वसूल करायला त्याला गाडीला जुंपणार, वीटभट्टीवर विटा लादणार. आजारी जनावराला कामाला लावणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण भट्टीवर कायदा बघायला कोण जातो?

आपण इथे काय मागतो? वजनकाट्यात खोट नको. ओलावा दाखवून भाव पाडू नका. पिशवीवर लिहिले तेवढे बी उगवले पाहिजे. बोगस बियाणे विकणाऱ्याला आपण चोर म्हणतो, कारण त्याला ठाऊक असते आणि आपल्याला नसते. मग इंजेक्शन देऊन तट्टू विकणाऱ्याला कोणता शब्द वापरायचा, ते तुम्हीच सांगा. घेणारा बहुधा कोरडवाहू शेतकरीच असतो.

बैलांचा प्रश्न वेगळा आहे. १९७६च्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, बैलाच्या कत्तलीवर बंदी आली आणि थकलेल्या बैलाचा बाजार मोडला. ते ओझे सरकारने आपल्यावर टाकले. घोड्याला तो कायदा लागू नाही. इथे सौद्याचे स्वातंत्र्य आपल्या हातात आहे. तेव्हा जबाबदारीही आपलीच.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, दुखत असताना विकायचे नाही. दोन-तीन महिने उपचार करून पाय बसू द्यायचा. दुसरी, बाजारात नव्हे, घर शोधायचे. घोडे एकटे राहायला तयार नसते. कुणाकडे एकटी घोडी असेल, तिला सोबत हवी असेल, ते घर पहिले. लहान लेकरू असलेले घर दुसरे, तेही डॉक्टर हो म्हणाले तरच, आणि लगाम धरून पावली चालवण्यापुरते. निरोगी तट्टावरसुद्धा त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार नसावा. २०० किलोला खोगिरासकट ४० किलो. हा तर आजारी.

तिसरी, साध्या कागदावर चार ओळी लिहायच्या. एक, दुखणे काय आहे, सोबत डॉक्टरांचा कागद. दोन, गाडी, ओझे, वरात नाही. तीन, ज्वारी, मका, गूळ नाही. चार, सांभाळणे झाले नाही तर परत आमच्याकडे, बाजारात नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या. किंमत नाममात्र ठेवा, नाहीतर तसेच द्या. पंधरा दिवसांनी एकदा आणि दोन महिन्यांनी एकदा जाऊन पाहा.

घर मिळाले नाही तर ठेवा, आणि खर्च वहीत लिहा. उपचाराने दुखणे थांबतच नसेल, जनावर उठतच नसेल, तर डॉक्टरांच्या हाताने त्याला शांतपणे सोडवा. रात्री नेऊन दूरच्या रस्त्यावर सोडणे ही सुटका नव्हे. उपाशी-तहानलेले मरायला जनावर सोडणे हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे.

राहिला पोरगा. त्याला ‘चरायला पाठवले’ असे सांगू नका. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला सगळे कळते. त्याला सोबत न्या. तट्टाला काय झाले, काय खायला द्यायचे नाही, खूर कधी कातायचा, हे नव्या घरच्यांना त्यालाच सांगू द्या. सात वर्षांत त्याच्याइतके ते जनावर कुणी ओळखले नाही. रडला तर रडू द्या. आपल्या मालातली खोट आपल्या तोंडाने सांगायची आणि मगच किंमत बोलायची, हे त्याने बापाकडून तिथेच पाहावे. चार-पाच वर्षांत तोच कापसाची गाडी घेऊन बाजारात जाणार आहे.

कुणाच्या गावात असे घर असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला नाव द्या. आता कापसाचा ठराव घेऊ.