ऑइल बदललं, पण फिल्टर?

आज तेलाबद्दल बोलायचं आहे, पण कढईतल्या नाही, गाडीतल्या. हसू नका. ज्या गटांनी कर्ज काढून गाडी घेतली आहे, त्यांना या तेलाचा खर्च फोडणीच्या तेलापेक्षा जास्त झोंबतो. आम्हाला झोंबला, म्हणून सांगते.

आमच्या गटानं मसाल्याचा धंदा वाढल्यावर एक जुनी डिझेल गाडी घेतली. गटातल्याच एका वहिनींचा मुलगा चालवायचा. पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दादरला प्रदर्शनात माल लावला होता. शनिवारी रात्री माल संपवून आम्ही लालबागला निघालो, तिथल्या मसाल्याच्या दुकानांत मिरचीचा भाव बघायचा होता आणि माझं माहेरही तिथंच. हिंदमाताच्या सिग्नलला गाडी थांबली की समोरच्या काट्यांजवळ एक लाल दिवा लुकलुकायचा. झारीसारखं चित्र, चोचीला एक थेंब. गाडी पुढं निघाली की दिवा गायब. मुलगा म्हणाला, "काकू, वायरिंगचं असेल." परळ गेलं, लालबाग आलं, पुलाखाली पुन्हा दिवा लागला.

चाळीखाली गाडी लावली आणि मी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सहज सांगितलं. ते जेवत होते. हात धुवायला उठले ते सरळ खालीच गेले.

दादांबद्दल दोन शब्द सांगते. ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि आमच्या चाळीतल्या कितीतरी घरांसारखा आमचाही पगार गेला तो गेलाच. मग दादांनी टॅक्सी धरली. आधी दुसऱ्याची, नंतर स्वतःची, काळीपिवळी पद्मिनी, तीही डिझेलची. दर काही आठवड्यांनी रविवारी सकाळी पोरांचं क्रिकेट सुरू व्हायच्या आत ते गाडीखाली शिरायचे. आई जुनं घमेलं द्यायची, मी पाने द्यायचे. गिरणीत त्यांनी एकच शिकलं होतं असं ते म्हणायचे, की लोखंडावर लोखंड फिरतं तिथं मधे तेल पाहिजे, आणि तेलात कचरा नको. (त्या पद्मिनी आता मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून दिसत नाहीत. शेवटची ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली होती, वीस वर्षांची मुदत २०२३ मध्ये संपली. त्या दिवशी दादा फार बोलले नाहीत.)

तर दादांनी बॉनेट उघडलं, ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोघींच्या मधे हवं. आमचं खालच्या खुणेच्याही खाली होतं. बोटांवर घेऊन चोळलं तर काजळी आणि गूळ कालवल्यासारखं. दादांनी विचारलं, "शेवटचं कधी बदललं?" माझ्याकडं गटाची फाइल होती. तीन बिलं होती आमच्या तालुक्यातल्या एका गॅरेजची. तिन्हीत लिहिलेलं, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, मजुरी.

"उद्या सकाळी बघू," दादा म्हणाले. "पण खाली तू जायचं. माझे गुडघे आता तिथून परत येत नाहीत."

रविवारी सकाळी अर्धी चाळ गॅलरीत उभी आणि मी सलवार-कमीजवर गाडीखाली. आता नीट ऐका, कारण ही कृती तुमच्याकडच्या कुठल्याही साध्या डिझेल गाडीला थोड्याफार फरकानं लागू आहे.

गाडी सपाट जागी लावायची, हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये टाकायची, चाकांना पुढून-मागून विटा किंवा दगड लावायचे. आमची गाडी उंच होती, तशीच आत जाता आलं. गाडी बुटकी असेल तर ती उचलावी लागते, आणि इथं मी कडक बोलणार आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. जॅक हा चाक बदलण्यापुरता. खाली जायचं तर भक्कम लोखंडी स्टँड दोन्ही बाजूंना हवेत, विटा-लाकडं रचून नाही. आमच्या गल्लीतल्या एका टॅक्सीवाल्या काकांचा हात जॅक सरकून गाडीखाली आला होता. ते नंतर कधी टॅक्सीवर बसले नाहीत. स्टँड नसतील तर गॅरेजमध्येच न्या, पण समोर उभ्या राहा.

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करायचं. कोमट तेल पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन येतं. फार गरम असेल तर हात भाजतो. इंजिनाच्या तळाशी तेलाचं भांडं असतं, मिस्त्री त्याला चेंबर म्हणतात. त्याला एकच मोठा नट असतो. खाली घमेलं ठेवून रिंग पान्यानं तो सैल करायचा, शेवटचे आटे हातानं. हातमोजे घाला, आणि तेल एकदम तिरकं उडतं म्हणून तोंड बाजूला ठेवा. मी ठेवलं नव्हतं. गॅलरीतून जो हशा आला तो अजून आठवतो.

तेल निथळू दिलं आणि मी फिल्टर शोधू लागले. मैत्रिणींनो, खरी गोम इथं आहे. नट सगळ्यांना सापडतो, फिल्टर सापडत नाही. कुठल्या गाडीत तो वरून दिसतो, कुठल्या गाडीत खालून हात घालावा लागतो, कुठं तो पाइपांच्या आणि गरम सायलेन्सरच्या मधे असा दडलेला असतो की हात जातो पण वळत नाही. आमचा असाच होता. बोटांनी चाचपला तर वर बोटभर चिखल वाळलेला, कडेला गंज. दादांनी टॉर्च धरला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हा तीन वेळा बदललाय? हा तर एकदाही हललेला नाही."

म्हणजे काय झालं होतं? हात पोचत नाही, वेळ जातो, म्हणून मिस्त्री नुसतं तेल बदलत होता आणि बिलात फिल्टर लावत होता. आणि आम्ही बाहेर बाकड्यावर चहा पीत होतो.

फिल्टरचं काम चहाच्या गाळणीचं. तेल इंजिनात फिरतं तेव्हा काजळी आणि धातूचा बारीक चुरा त्यात अडकतो. गाळणी तुंबली तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून आत एक झडप असते, ती उघडते आणि तेल न गाळताच पुढं जातं. म्हणून तुंबलेला फिल्टर लगेच कळत नाही. गाडी चालत राहते आणि घाण तेल बेअरिंगमध्ये, टर्बोमध्ये फिरत राहतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो, तेलाच्या पातळ थरावर. त्याला खडा चालत नाही.

फिल्टर काढताना आधी त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, म्हणजे सांडलेलं तेल पिशवीत. हातानं फिरत नसेल तर फिल्टरचा पट्ट्याचा पाना मिळतो. नसेल तर पॉलिशपेपर गुंडाळून धरला तरी पकड बसते. काही मिस्त्री स्क्रूड्रायव्हर आरपार खुपसून फिरवतात. पत्रा फाटला तर नुसतं तोंड अडकून राहतं आणि मग काम दुप्पट. निघाल्यावर जुन्या फिल्टरची काळी रबरी रिंग त्याच्याबरोबर आली का, हे बोटानं तपासायचं. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि तुम्ही वर नवी चढवली, तर दोन रिंगांमधून सगळं तेल रस्त्यावर येतं, तेही गाडी पळताना.

रविवार असल्यानं दुकानं बंद. सोमवारी जुना फिल्टर पिशवीत घालून मी गिरगावच्या टोकाला ऑपेरा हाऊसजवळ गेले, तिथं गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानंच दुकानं आहेत. जुना फिल्टर बरोबर नेणं फार चांगलं, रिंगचा घेर आणि आटे शेजारी ठेवून जुळवता येतात. दुकानदारानं पहिल्यांदा स्वस्त खोकं दाखवलं. मी बिलावर नंबर लिहून द्या म्हटल्यावर आतून दुसरं आणलं. नकली फिल्टरमध्ये कागद कमी असतो आणि झडप नावालाच, हे मी दादांकडून ऐकून गेले होते.

सगळ्या गाड्यांचा फिल्टर असा डब्यासारखा नसतो. स्विफ्ट, डिझायर, टाटाची व्हिस्टा यांच्यात जे १३०० सीसीचं डिझेल इंजिन आलं ते मुळात फियाटचं. त्यात टोपणाच्या आत नुसता कागदी फिल्टर बसतो. टोपण प्लॅस्टिकचं, जोरात आवळलं तर तडकतं. त्याची रबरी रिंगही नव्या फिल्टरबरोबर नवीच घालायची.

परत आल्यावर नव्या रिंगला बोटानं नवं तेल लावलं, फिल्टर हातानं फिरवून टेकवला आणि मग पाऊण फेरा आवळला. पाना लावायचा नाही. चेंबरच्या नटाला नवा वायसर. मग तेल किती आणि कुठल्या दर्जाचं, ते गाडीच्या पुस्तकात असतं. जुन्या डिझेल गाड्यांना बहुतेक १५डब्ल्यू-४० चालतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना धुराची जाळी असते, त्यांना कमी राखेचं वेगळं तेल लागतं, तिथं पंपसेटच्या डब्यातलं ओतू नका. पुस्तकात लिहिलंय त्याच्या थोडं कमीच ओता, नंतर वाढवता येतं.

गाडी सुरू केली. झारीचा दिवा दोन-तीन सेकंदांत विझला. तो विझेपर्यंत रेस करायची नाही. खाली वाकून गळती पाहिली, बंद केली, दहा मिनिटांनी पट्टी पाहिली, पाव लिटर घातलं. दुसऱ्या दिवशी गावी पोचलो तर नवं तेल काळं! वहिनी घाबरल्या, म्हणाल्या, "डब्यातच भेसळ." तसं नव्हे. डिझेलची काजळी तेल धरून ठेवतं, म्हणून ते लगेच काळं होतं. रंगावरून फसवणूक ठरवू नका. मात्र तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, गाडी थांबवा. आणि बीएस-६ गाडीत पट्टीवरची पातळी आपोआप वाढत असेल तर तेलात डिझेल मिसळतंय, तेही दाखवून घ्या.

आमचं नुकसान मात्र व्हायचं ते झालं होतं. चार महिन्यांनी टर्बो शिट्टी मारू लागला आणि बदलावा लागला. दिवाळीच्या विक्रीतला नफा त्यात गेला, वर गटात दोन बैठका भांडणाच्या झाल्या. मी गॅरेजवाल्याकडं जुना फिल्टर घेऊन गेले. तो म्हणाला, "ताई, पोरानं केलं असेल, मला माहीत नाही." पैसे काही मिळाले नाहीत.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी करतो. नव्या फिल्टरवर मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहितो. आणि चेंबरच्या नटावरून शेजारच्या लोखंडावर जाईल अशी नेलपॉलिशची एक रेघ ओढतो. नट फिरला की रेघ तुटते. ऑइल गॅरेजमध्ये बदललं तरी जुना फिल्टर हातात मागून घेतो, तारीख वाचतो, मगच पैसे.

काळ्या तेलाचं राहिलं. ते गटारात, ओढ्यात, विहिरीच्या जवळपास ओतू नका. जनावराच्या जखमेवर लावायची आपल्याकडं सवय आहे, तीही सोडा, त्यात धातू असतात आणि जनावर ते चाटतं. कायद्यानं तो घातक कचरा आहे. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, नाव लिहून, पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा आणि जुनं तेल गोळा करणाऱ्या नोंदणीकृत माणसाला किंवा घेणाऱ्या मोठ्या वर्कशॉपला द्या. पाणी, डिझेल त्यात मिसळू नका, मग कुणी घेत नाही.

आमच्या गटाकडं आता स्टँडची जोडी, फिल्टरचा पाना आणि दादांचं ते जुनं घमेलं आहे. जवळपासच्या गटाला लागलं तर न्या, फक्त घमेलं पुसून परत आणा.