ग्रहांची वाट आणि ताऱ्याची गिरकी
(वार्षिक समारंभातील भाषण)



सूर्यमाला शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो : सगळे ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने का फिरतात? अठराव्या शतकात कांट आणि लाप्लास यांनी त्याचे उत्तर दिले. फिरत्या तेजोमेघाची तबकडी झाली, मध्ये सूर्य व सभोवती ग्रह जन्मले. एकाच तबकडीची ही लेकरे, म्हणून दिशा एक. खुद्द सूर्यही त्याच दिशेने स्वतःभोवती फिरतो, आणि त्याचे विषुववृत्त पृथ्वीच्या कक्षेशी जेमतेम ७ अंशांनी कललेले आहे.

परंतु एका घरावरून साऱ्या गावाची रीत सांगता येत नाही. १९९५ साली सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह सापडला आणि तपासायला इतर घरे मिळाली.

तारा दुर्बिणीतही ठिपकाच दिसतो, मग त्याची गिरकी कळावी कशी? युक्ती मोठी नामी आहे. फिरणाऱ्या ताऱ्याची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. येणाऱ्या कडेचा प्रकाश वर्णपटात निळ्या बाजूस सरकतो, जाणाऱ्या कडेचा तांबड्या. समोरून जाणारा ग्रह आधी येणारी कड झाकतो, मग जाणारी. म्हणून एकूण प्रकाश प्रथम तांबड्याकडे, मग निळ्याकडे ढळतो. ग्रह उलट जात असेल तर हा क्रमही उलटतो. १९२४ साली रॉसिटर व मॅक्लॉफ्लिन यांनी हा परिणाम जोडताऱ्यांत दाखवला. मॅक्लॉफ्लिन यांचा तारा होता अल्गोल, म्हणजे अरबी 'रासुल गूल'. जुने अरबी नाव आजही जगभरच्या वेधशाळांत चालते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

२००९ साली वास्प-१७ या ताऱ्याचा महाकाय ग्रह चक्क उलटा फिरताना आढळला. मग कांट-लाप्लास चुकले काय? एवढी घाई नको. ताऱ्याला चिकटून फिरणाऱ्या अशा दांडग्या ग्रहांना जन्मानंतर शेजाऱ्यांचे धक्के बसलेले असू शकतात. थोरपणीच्या भांडणावरून पाळण्यातली स्थिती कशी ठरवावी? त्यापेक्षा लहान ग्रहांची साक्ष घ्यावी. अडचण एवढीच की ते फारच थोडे झाकतात. सूर्यासमोरून जाणारी पृथ्वी त्याच्या प्रकाशाचा सुमारे बारा हजारावा भाग अडवील!

तरी हे साधले आहे. २०१८ साली हवाईतील सुबारू दुर्बिणीने ट्रॅपिस्ट-१ च्या पृथ्वीएवढ्या सात ग्रहांपैकी तिघांचे वेध घेतले. त्यांच्या कक्षा ताऱ्याच्या गिरकीशी जुळणाऱ्या निघाल्या. २०२२ साली ५५ कॅन्क्री या ताऱ्याच्या, १८ तासांहून लहान वर्ष असलेल्या ग्रहाचीही कक्षा ताऱ्याच्या विषुववृत्ताजवळच आढळली. त्यासाठी मोजलेला वेगातील फरक सेकंदाला अर्ध्या मीटरहून कमी होता, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही मंद.

माझ्या मते तबकडीची कल्पना टिकली आहे. पण तबकडी ताऱ्याशी सरळच असते असे मात्र समजू नये. के२-२९० या ताऱ्याचे दोन ग्रह एकाच पातळीत फिरतात, पण ताऱ्याच्या गिरकीच्या उलट, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्या दोघांत भांडण झाल्याची खूण नाही. शेजारच्या एका ताऱ्याने ग्रह जन्मण्यापूर्वीच अख्खी तबकडी कलती केली असावी, असा खगोलशास्त्रज्ञांचा तर्क आहे.