भूकंपानंतरचा निवारा

घर पाहावें बांधून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती बांधणाऱ्याच्या खटाटोपाला उद्देशून आहे. पण बांधलेलें घर एका रात्रींत गेलें तर दुसऱ्या रात्रीं मुलाबाळांना घेऊन निजावें कोठें, याविषयीं आपल्या म्हणी फारसें कांहीं सांगत नाहींत. भुकेल्याला अन्न द्यावें, तहानेल्याला पाणी द्यावें, हें लहान मुलालाहि ठाऊक असतें. बेघराला आडोसा करून देणें हें त्याच पंक्तींतलें कार्य खरें, परंतु तें तितकें सोपें मात्र नाहीं. दिलेली भाकरी खाल्ली कीं संपते. दिलेलें छप्पर उभें राहतें, त्याच्याखालीं माणसें संसार करूं लागतात, आणि मग देणाराच्या चुका घेणाराला रोज भोगाव्या लागतात.

या गोष्टीचा मोठा पाठ महाराष्ट्राला १९९३ सालीं मिळाला. त्या वर्षीं सप्टेंबरच्या २९ तारखेस अनंत चतुर्दशी होती. लातूर व उस्मानाबाद (या दुसऱ्या जिल्ह्यास आतां धाराशिव म्हणतात) यांच्या सीमेवरील, तेरणा नदीच्या आसपासच्या गांवांतून गणपतीचें विसर्जन करून लोक उशिरां घरीं आले व गाढ झोंपीं गेले. पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर, होळी, पेठसांगवी, राजेगांव अशीं एकामागून एक गांवें मातीच्या ढिगांत गेलीं. मृतांची संख्या आठ हजारांच्या घरांत होती असें एक गणती सांगते, दुसरी ती दहा हजारांच्या जवळ नेते. धक्क्याचें माप रिश्टर पद्धतीनें ६ हून थोडेंसेंच अधिक होतें. एवढ्या मापाचे धक्के पृथ्वीच्या पाठीवर दर वर्षीं शंभरांहून अधिक वेळां बसतात, आणि त्यांतील बहुतेकांची वार्ताहि आपल्या कानीं येत नाहीं. मग येथेंच एवढा अनर्थ कां व्हावा?

धक्क्याचा उगम जमिनीखालीं फार खोल नव्हता, हें एक कारण. दुसरें कारण घरांतच होतें. त्या भागांतील सुस्थितींतल्या शेतकऱ्याचें घर म्हणजे माळवद. लांकडी खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, आणि त्यांवर मातीचा जाड थर. दरसाल पावसाळ्यापूर्वीं गळतीच्या भयानें त्यावर आणखी माती पडावयाची, त्यामुळें जुन्या घराच्या डोक्यावर पिढ्यांचें ओझें सांचलेलें असे. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या. बाहेरून व आंतून ओबडधोबड दगडांची एकेक रांग, मध्यें चिखल व दगडांचे लहान तुकडे, आणि दोन्ही रांगांना एकत्र धरून ठेवणारा आरपार दगड क्वचित्‌च. अशी भिंत उन्हाळ्यांत गारवा देते, चोराला दाद देत नाहीं, आणि गांवांत घरमालकाचा मान वाढविते. परंतु जमीन आडवी हलूं लागली कीं तिचे दोन पदर एकमेकांपासून सुटतात, एक आंत व एक बाहेर कोसळतो. कित्येक ठिकाणीं लांकडाचा सांगाडा जागच्या जागीं उभा राहिला, माणसें मात्र भिंतीच्या दगडांखालीं गेलीं. ज्यांना दगडी भिंत बांधण्याची ऐपतच नव्हती, त्यांच्या कुडाच्या व गवताच्या हलक्या झोंपड्यांनीं तुलनेनें कमी जीव घेतले. ज्या रुंदीला लोक वैभव समजत होते, तीच रुंदी त्या पहांटे वैरीण झाली.

येथें एक गोष्ट सांगून टाकणें उचित होईल. १९९२ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस त्याच परिसरांत लहान लहान धक्के बसत होते, आणि घाबरलेले लोक कांहीं काळ घराबाहेर निजतहि होते. परंतु भूशास्त्रीय नकाशावर हा प्रदेश सर्वांत सुरक्षित पट्ट्यांत दाखविलेला होता. नकाशा पाहणाराला धीर आला, दगडाखालीं झोंपणाराला तो धीर उपयोगी पडला नाहीं. पुढें तो नकाशा बदलण्यांत आला.

आतां निवाऱ्याकडे वळूं. भूकंपानंतर पहिल्या रात्रीं वाचलेल्या माणसाला लागतें तें छप्पर नव्हेच. त्याला हवी असते मोकळी जागा, जेथें वरून कांहीं पडणार नाहीं. शेत, गांवाबाहेरचें मैदान, रस्त्याची कड. अशा वेळीं चांगल्या शाबूत खोलींत जाऊन निजा असें कोणी सांगितलें तरी माणूस जात नाहीं, कारण लहान धक्के चालूच असतात. किल्लारीच्या परिसरांत पुढील दिवसांत पाऊसहि आला. सैन्याच्या तुकड्या, स्वयंसेवक, दूरदूरच्या गांवांहून आलेलीं माणसें दगड उपशीत होतीं, आणि वाचलेलीं कुटुंबें ताडपत्रीखालीं, बैलगाडीच्या आडोशाला, मिळेल त्या पोत्यांखालीं बसलीं होतीं. त्यावेळीं नुसती एक ताडपत्री, थोडी दोरी व चार बांबू यांची किंमत वाड्याहून अधिक असते. श्रोत्यांपैकीं ज्यांना कधीं साहाय्य पाठविण्याचा योग येईल, त्यांनीं जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यापूर्वीं या तीन वस्तूंचा विचार करावा. कपडे सगळेच पाठवितात, आणि ते रस्त्याच्या कडेला भिजत पडतात.

मग पत्र्याच्या शेडी आल्या. सरकारनें व अनेक संस्थांनीं पन्हळी पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या केल्या. पत्रा लवकर येतो, लवकर बसतो, हलका असतो, पडला तरी जीव घेत नाहीं. दगडाची धास्ती घेतलेल्या लोकांना हा हलकेपणा देवासारखा वाटला असेल. परंतु मराठवाड्याचा वैशाख ज्यानें पाहिला आहे, त्याला पत्र्याखालची दुपार म्हणजे काय हें वेगळें सांगावयास नको. जेथें माळवदाच्या आंत थंडावा असे, तेथें आतां तव्याखालीं बसल्यासारखें होई. पत्र्यावर कडबा पसरावा, बाजूंना तट्ट्या लावाव्या, पुढें मांडव घालावा, असे उपाय ज्याला शेती ठाऊक आहे त्याला आपोआप सुचतात, आणि ते करूं देण्याइतकी जागा व मोकळीक ठेवणें हेंच शेड बांधणाराचें शहाणपण.

त्याशिवाय शेतकऱ्याचें घर म्हणजे केवळ माणसांच्या निजण्याची जागा नव्हे. बैल कोठें बांधावयाचे? कडबा कोठें रचावयाचा? पेवांतलें किंवा कणगींतलें जें धान्य ढिगाऱ्यांतून निघालें तें ठेवावयाचें कोठें? त्यांत हंगाम असा कीं, ऑक्टोबर म्हणजे रब्बीच्या ज्वारीच्या पेरणीचे दिवस. घरांतली माणसें गेलीं तरी जमिनीची ओल थांबत नाहीं. शेतापासून लांब छावणी केली तर पेरणी बुडते, आणि पेरणी बुडाली कीं पुढचें वर्ष दुसऱ्याच्या दयेवर. शहरांतून आलेल्या साहाय्यकर्त्यांच्या ध्यानांत ही गोष्ट सर्वांत उशिरां येते.

आडोसा किती मोठा असावा, यालाहि हिशेब आहे. संकटकाळीं साहाय्य करणाऱ्या जगांतील संस्थांनीं मिळून एक प्रमाण ठरविलें आहे, तें असें कीं प्रत्येक माणसामागें छपराखालची जागा निदान साडेतीन चौरस मीटर असावी. पांच माणसांच्या कुटुंबाला साडेसतरा चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १९० चौरस फूट. एक चांगलीशी खोली झाली. यापेक्षां लहान जागेंत आजारी माणूस, बाळंतीण व रडणारें मूल एकत्र कोंबलीं कीं भूकंपानें जें केलें नाहीं तें रोगराई करते.

तात्पुरता निवारा पुढें किती कामास येऊं शकतो, याचें जुनें उदाहरण अमेरिकेंतलें आहे. सॅन फ्रॅन्सिस्को शहरांत १९०६ च्या एप्रिलच्या १८ तारखेस पहांटे भूकंप झाला व त्यापाठोपाठ आग लागली. सुमारें चार लाख वस्तीपैकीं निम्म्याहून अधिक लोक बेघर झाले. प्रथम सैन्यानें तंबू दिले. हिंवाळा जवळ येऊं लागला तेव्हां सुतारांना कामाला लावून ५,६१० लहान लांकडी झोंपड्या शहराच्या बागांत व मैदानांत बांधण्यांत आल्या. सर्वांना हिरवा रंग. राहणारांनीं महिन्याला दोन डॉलर द्यावयाचे. पुढें छावण्या मोडण्याची वेळ आली, तेव्हां लोकांनीं त्या झोंपड्या गाड्यांवर घालून ओढून आपल्या जागेंत नेल्या, दोन-तीन एकत्र जोडल्या, आणि त्याच त्यांचीं कायमचीं घरें झाल्या. त्यांतील मोजक्या आजहि उभ्या आहेत. पहिला आडोसा फेंकून न देतां तो पुढच्या घराचा तुकडा बनला, यांत खरी काटकसर आहे. आपल्याकडे पत्र्याच्या शेडींवर झालेल्या खर्चाबाबत असा विचार फारसा झाला नाहीं.

किल्लारी भागांत अनेक कुटुंबांनीं शेडींत एकाहून अधिक पावसाळे काढले, कारण कायमचीं घरें लगोलग होण्यासारखीं नव्हतीं. जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधारें राज्य सरकारनें मोठी पुनर्वसन योजना हातीं घेतली. त्यांत ५२ गांवें जुन्या जागेवरून उचलून नव्या जागीं वसविण्याचें ठरलें. जमीनदारीच्या प्रमाणांत २५०, ४०० व ७५० चौरस फुटांचीं अशीं तीन मापांचीं घरें देण्यांत आलीं. भूमिहीन व अल्पभूधारक यांना सर्वांत लहान, सात हेक्टरांवरील शेतकऱ्याला सर्वांत मोठें. अनेक संस्थांनीं व उद्योगांनीं एकेक गांव दत्तक घेतलें. देशभरांतून जो ओघ लोटला त्याविषयीं आदरच वाटतो. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेनें तर भूकंपग्रस्त भागांतील सुमारें १२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची सोय केली. निवारा हा शब्द त्या मुलांच्या बाबतींत किती व्यापक झाला!

परंतु नव्या गांवांचा आराखडा कागदावर आंखला गेला तो शहरी वसाहतीसारखा. सरळ रांगा, रुंद रस्ते, एकमेकांपासून दूर दूर ठोकळ्यांसारखीं घरें. जुन्या गांवांतल्या अरुंद गल्ल्या आरोग्याच्या दृष्टीनें वाईट असतील, पण त्या गल्ल्यांत सावली होती, ओट्यावर बसून शेजारणीशीं बोलतां येत होतें, आणि वाड्याच्या चौकांत बायकांना पडद्याआड वावरतां येत होतें. नवें गांव जुन्याच्या कित्येक पट जागा खाऊन बसलें. रस्ते, दिवे, पाणी यांचा खर्चहि त्याच पटीनें वाढला. कांहीं ठिकाणीं असें दिसून आलें कीं, घराला जागा अपुरी पडूं लागतांच लोकांनीं जुन्या गांवांतले दगड व लांकूड आणून नव्या घराशेजारीं पुन्हां तशाच खोल्या जोडल्या. त्यांना हंसणें सोपें आहे. ज्याला काँक्रीटचें घर वाढवावयास पैसा नाहीं व तें काम शिकविणारा कोणी नाहीं, तो हाताशीं असलेल्या दगडाकडेच जाणार.

म्हणूनच त्या योजनेचा जो भाग कमी गाजला, तो अधिक मोलाचा मानला पाहिजे. जीं घरें पडलीं नव्हतीं, केवळ तडकलीं होतीं, तीं शेंकडों गांवांत जागच्या जागीं दुरुस्त व मजबूत करावयाचीं होतीं. त्यांची संख्या दोन लाखांच्या जवळपास जाते. त्यांत करावयाचें काम दिसावयास लहान. छपरावरील मातीचा थर कमी करावयाचा. भिंतीला ठिकठिकाणीं भोंक पाडून आरपार सळई व काँक्रीट भरावयाचें, म्हणजे दोन पदर एकमेकांस बांधले जातात. खांब आणि तुळई यांच्या कोनांत तिरका लांकडी आधार ठोकावयाचा. दारांच्या वरून भिंतीला पट्टा बांधावयाचा. दगड तेच, माती तीच, गांवचा गवंडीहि तोच. फक्त बांधणी शहाणी. हप्त्यांनीं मिळणारें साहाय्य मालकाच्या हातीं, आणि देखरेखहि त्याचीच.

या कामीं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनें, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानें, गांवोगांवच्या महिला मंडळांतून बायका निवडून त्यांना संवाद सहाय्यक म्हणून तयार केलें. ज्या बायकांनीं तोंवर सरकारी कचेरीचा उंबरठा ओलांडला नव्हता, त्या सिमेंटचें प्रमाण विचारूं लागल्या, भिंतींत आरपार दगड बसला कीं नाहीं हें पाहूं लागल्या, आणि गवंड्याला खोटें काम पाडावयास लावूं लागल्या. घराला पदर दोन असतात व ते सुटतात कसे, हें त्यांना पुस्तकावरून कळलें नव्हतें. त्यांच्यांतील कित्येकींनीं तें डोळ्यांनीं पाहिलें होतें.

पुढें २००१ च्या जानेवारीच्या २६ तारखेस सकाळीं कच्छ हादरलें. तेथेंहि दगडमातीच्या घरांनीं घात केला, आणि तेथेंहि मातीच्या गोल भुंग्यांनीं पुष्कळ ठिकाणीं तग धरला. त्या वेळीं मराठवाड्यांतून कांहीं बायका कच्छांत गेल्या. त्यांना गुजराती येत नव्हती, कच्छी तर मुळींच नाहीं. परंतु आपलें घर पडल्यावर काय मागावें, काय नाकारावें, शेडींत किती दिवस काढावे लागतात, आणि पैसे हातीं आल्यावर प्रथम भिंतीच्या कोणत्या जागीं सळई घालावी, हें त्या तेथल्या बायकांना ढिगाऱ्याशेजारीं बसून हातांनीं दाखवीत होत्या.