मंठ्यापलीकडचा चंद्र



अवकाशातून आलेल्या छायाचित्रांवर बोला, असा निरोप आला तेव्हा मी जरा चाचरलो. मी कविता लिहिणारा माणूस, शिकलो बी. ए. पर्यंत. चंद्राशी माझा संबंध ईदच्या आदल्या संध्याकाळचा आणि कवितेतला. पण मग अम्मीचं एक वाक्य आठवलं आणि मी होकार दिला.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरला. चार दिवसांनी त्याची प्रज्ञान ही सहा चाकांची गाडी चालता चालता एका खड्ड्यापाशी आली. खड्डा चार मीटर रुंदीचा, गाडी त्याच्यापासून तीन मीटरवर. तिला आल्या वाटेनं मागं फिरायला सांगण्यात आलं. गाडीच्या कॅमेऱ्यानं टिपलेलं ते चित्र इस्रोनं प्रसिद्ध केलं. रंग नाहीत, देखणेपण नाही. करड्या जमिनीत एक खळगा, एवढंच. माझ्या पुतण्यानं ते मोबाइलवर अम्मीपुढं धरलं. अम्मी ऐंशीच्या घरातली, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. तिनं निरखून पाहिलं आणि म्हणाली, ‘ये तो लोणार है रे. बस, पानी नै इसमें.’

घरातले हसले. मला मात्र हसता आलं नाही, कारण ती चुकली नव्हती.

आपल्या मंठा तालुक्याला लागून, बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. तिथलं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल. आकाशातून आलेला अशनी आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, घुसला आणि हा खड्डा पडला. तसा ज्वालामुखीच्या कल्पनेवर अभ्यासकांचा बराच काळ विश्वास होता. प्रचंड दाबानंच तयार होते अशी काच इथल्या दगडात सापडली, तेव्हा १९७३ मध्ये आघाताची गोष्ट पक्की झाली. वयाचा वाद मात्र आहे. एका पद्धतीनं ते सुमारे ५२ हजार वर्षं निघतं, दुसरीनं ५ लाख ७० हजार. बेसॉल्टमधली इतकी चांगली टिकलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी. चंद्रावरचे काळे डाग आणि मंगळाची बरीच जमीन याच दगडाची, म्हणून तिकडची चित्रं वाचायला शिकणाऱ्यांना लोणार लागतं.

चंद्रावर असे खड्डे अगणित आहेत, कारण तिथं ते बुजवायला कुणी नाही. वारा नाही, पाऊस नाही, नांगर नाही. आपल्याकडं एक पावसाळासुद्धा बांध फोडून जातो. लोणारच्या कडाही झिजताहेतच. लोककथा सांगते की, इथं जमिनीखाली लवणासुर राहत होता, विष्णूनं त्याला मारलं; गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याचीच आठवण. अशनी कुणी पाहिला नसेल, पण या खड्ड्यामागं काहीतरी भयंकर घडलं असणार, हे लोकांच्या मनानं ओळखलं होतं, असं मला वाटतं.

जून २०२० मध्ये या तळ्याचं पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीमुळं जिल्ह्यांच्या सीमा बंद होत्या. शेजारच्या तळ्याला काय झालं ते पाहायला जाता येईना. शेवटी ते मी पाहिलं ते ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या लँडसॅट-८ या उपग्रहाच्या चित्रात! मे महिन्याच्या चित्रात हिरवं, जूनच्या चित्रात गुलाबी. कुणी शकुन म्हणालं, कुणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. पाणी आटून खारटपणा वाढला की ते फोफावतात.

तो रंग खरा होता. पण सगळ्याच चित्रांचं तसं नसतं, हेही सांगायला हवं. जुलै २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीची झगमगती चित्रं आली. ती दुर्बीण मुख्यतः अवरक्त प्रकाश पाहते, जो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. रंग नंतर शास्त्रज्ञ ठरवून देतात. हे कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं. मग वाटलं, आपण कवी तरी दुसरं काय करतो?

अम्मीचा मात्र चित्रांवर भरवसा नाही. ईदचा चाँद ती गच्चीवरूनच शोधते. डोळे थकले तरी मोबाइलवरचा चालत नाही. म्हणून त्या हिवाळ्यात तिला लोणारला नेलं. काठावर ती बराच वेळ उभी राहिली, मग विचारलं, ‘जो गिरा था, वो पत्थर कहाँ है?’

मी म्हणालो, आघाताच्या उष्णतेनं तो बहुतेक वितळला, वाफ होऊन गेला, उरलासुरला विखुरला. तिला ते पटलं नाही. वाकून तिनं पायाजवळचा एक काळा खडा उचलला, पदराला पुसला आणि पिशवीत टाकू लागली. हे अभयारण्य आहे, इथलं काही नेता येत नाही, असं रखवालदारानं अदबीनं सांगितलं. तिनं तो होता तिथंच परत ठेवला.