हाती फक्त लाठी



मूल जेवेना की आपण म्हणतो, "पोलिसाला बोलवीन हं!" आज त्याच पोलिसाविषयी चार शब्द बोलावे म्हणते.

तुकाराम ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे. मुंबई पोलिसांत साहाय्यक उपनिरीक्षक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेक्यांची मोटार अडविली गेली. ओंबळ्यांपाशी लाठीखेरीज काही नव्हते. कसाबने रायफल रोखली, तशी त्यांनी तिची नळीच दोन्ही हातांनी धरली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही. म्हणून सोबत्यांना तो जिवंत सापडला. कट कोठे शिजला, हे न्यायालयापुढे उघड झाले ते त्यामुळेच. २००९ साली ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. गौरव झाला खरा. पण बंदुकीपुढे माणूस लाठी देऊन उभा करावा, हे मला आजही पटत नाही.

१९५९ साली लडाखमध्ये दहा पोलीस पडले, तो २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. त्या दिवशी सकाळी आपल्या परभणीतही मानवंदना असते. यंदा मंडळातर्फे आपण साऱ्याजणी जाऊ. पोलीस वसाहतीतल्या भगिनी तिथे असतातच. त्यांच्याशेजारी उभ्या राहू.