प्रमाणपत्र कोणाचे, हे आधी विचारा



बारावीचे निकाल लागले की भिंतींवर जाहिराती झळकू लागतात : सहा महिन्यांत परिचारिका व्हा, तीन महिन्यांत संगणकतज्ज्ञ व्हा! आईचे दागिने गहाण पडतात आणि पदरी पडतो एक रंगीत कागद.

रुग्णसेवेच्या दाराशी कायदा उभा आहे. ‘ए. एन. एम.’चा अभ्यासक्रम २ वर्षांचा, ‘जी. एन. एम.’चा ३ वर्षांचा. मान्यताप्राप्त पात्रता कोणत्याही राज्याच्या नोंदवहीस पुरेशी मानावी, हे तत्त्व १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याने घालून दिले. सीमेच्या अलीकडे-पलीकडे नोकरी शोधणाऱ्या आपल्या लेकींना याहून मोठा आधार कोणता? संलग्न आरोग्यसेवेतील तंत्रज्ञांसाठी २०२१ च्या कायद्याने किमान २,००० तासांचे, २ ते ४ वर्षांत विभागलेले शिक्षण ठरविले आहे. सहा महिन्यांच्या वर्गात ते कसे मावावे?

संगणकाची रीत निराळी. तेथे परिषदेची नोंदणी लागत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील १ वर्षाच्या ‘कोपा’ अभ्यासक्रमाचे राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर चालते खरे. परंतु अखेर कसोटी लागते ती हातच्या कामाची. जेथे सराव नाही, तेथील कागदास मोल नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : फी भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. मान्यता कोणाची? नोंदणी कोठे होणार? प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात, कोणत्या यंत्रावर शिकविणार? उत्तरे लेखी मिळत नसतील, तर आल्या पावली परत फिरा.