आधी कळशी, मग हंडा

पापड लाटून झाले, माल गेला, पैसेही हातात आले. तरी गटात एक प्रश्न राहतोच : यात आपली मजुरी किती सुटली? आज आपण तेच गणित सोडवू. शाळेत त्याला बीजगणित म्हणतात. नावाला घाबरू नका, वही-पेन्सिल घेऊन बसा.

समजा, तालुक्याच्या दुकानदाराने १२ किलो उडदाचे पापड घेतले आणि टेम्पोभाडे धरून ३,१८० रुपये दिले. भाडे ३०० रुपये, ते गटाने भरायचे. मग किलोला भाव काय मिळाला? भाव माहीत नाही, म्हणून त्याला नुसते 'भाव'च म्हणू. शाळेतली मुले तिथे 'क्ष' लिहितात. आता वहीत मांडा :

भाव × १२ + ३०० = ३,१८०

पुष्कळ जणी इथे लगेच १२ ने भागतात आणि '२६५ चा भाव मिळाला' म्हणून खूश होतात. पण त्या २६५ मध्ये टेम्पोवाल्याचे पैसेही आले! आपण डोक्यावर आधी हंडा घेतो, त्यावर कळशी. उतरवताना आधी कळशी उतरते, मग हंडा. इथेही भाडे शेवटी चढले, म्हणून ते आधी उतरवायचे.

पहिली पायरी : ३,१८० वजा ३००, राहिले २,८८०.
दुसरी पायरी : २,८८० भागिले १२, आले २४०.

ताळा करून पाहा. २४० गुणिले १२ म्हणजे २,८८०, त्यात ३०० मिळवले की ३,१८०. जमले!

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त ती 'व्यस्तविधी' या नावाने येते : शेवटून मागे यायचे, मिळवले असेल तिथे वजा करायचे, गुणले असेल तिथे भागायचे. त्या ग्रंथातली कित्येक गणिते तर एका मुलीला हाक मारूनच विचारलेली आहेत. तेव्हा 'हिशेब बायकांचे काम नाही' असे कोणी म्हणाले, तर हे सांगा.

आता मजुरी पाहू. डाळीचे पीठ, पापडखार, मिरी, तेल मिळून किलोला १८० रुपये खर्च आला असे धरू. २४० तून १८० गेले, उरले ६०. बारा किलोचे ७२०. चौघी दोन दिवस राबल्या, म्हणजे आठ रोज झाले. ७२० भागिले ८, रोज पडला अवघा ९० रुपये. निंदणीला गेलो तर गावात काय रोज मिळतो, त्याच्याशी ताडून पाहा.

रोज निदान १५० पडावा असे वाटत असेल, तर हंडा-कळशी पुन्हा चढवा. आठ रोजांचे १,२००, ते १२ किलोंवर वाटले की किलोला १००. त्यात खर्चाचे १८० घातले की भाव झाला २८०. बारा किलोचे ३,३६०, वर भाडे ३००. एकूण ३,६६०.

दुकानदारासमोर बसताना हा आकडा पाठ असू द्या. तो कमी सांगेल, घासाघीस होईल. पण कुठवर उतरायचे हे आपल्याला ठाऊक असेल. पुढच्या बैठकीत आपल्या गटाच्या मागच्या ऑर्डरचे आकडे घालून हे गणित सगळ्या मिळून सोडवा. येतो आम्ही. नमस्कार.